पुंगळीच्या मानेची जाडी : मायक्रोमीटरने पातळ भिंतीचे मापन

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. पुंगळी बुडाशी जाड असते. वर जाताना तिची भिंत पातळ होत जाते, खांद्यापाशी ती आत वळते आणि शेवटी गोळीला धरून ठेवणारी आखूड सरळ नळी उरते. या नळीला पुंगळीची मान म्हणतात. .308 विंचेस्टर या सर्वपरिचित काडतुसाची मान सुमारे 7.7 मिमी लांब असते आणि तिच्या भिंतीची जाडी साधारणपणे 0.33 ते 0.38 मिमी भरते. इंचाच्या हिशेबात हे 13 ते 15 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, झाले. एवढ्या पातळ, गोलाकार आणि मऊ भिंतीची जाडी मायक्रॉनच्या पातळीवर खात्रीने कशी मोजावी, हा या लेखाचा विषय आहे.

मानेची जाडी दोन कारणांनी महत्त्वाची ठरते. पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. गोळीचा व्यास 7.82 मिमी आणि भिंतीची जाडी 0.36 मिमी असेल, तर गोळी बसवल्यानंतर मानेचा बाहेरचा व्यास 7.82 अधिक दोन वेळा 0.36, म्हणजे 8.54 मिमी होतो. या काडतुसाच्या मानेसाठी प्रमाणित कमाल व्यास सुमारे 8.72 मिमी आहे. म्हणजे भिंत 0.45 मिमीपर्यंत जाड झाली की ही मर्यादा गाठली जाते. रायफलच्या चेंबरमध्ये मानेभोवती थोडी मोकळीक असावी लागते, कारण गोळी सुटताना मान फुगून तिला मोकळे करते. ही मोकळीक उरली नाही तर गोळी अडकून राहते, दारूच्या वायूचा दाब अपेक्षेपेक्षा वर जातो आणि शस्त्राला व नेमबाजाला धोका निर्माण होतो. स्पर्धेसाठी मुद्दाम घट्ट मानेचे चेंबर कापलेल्या रायफलीत हा धोका आणखी जवळ येतो.

दुसरे कारण अचूकतेचे. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर मान गोळीला सर्व बाजूंनी सारखी धरत नाही. गोळी पुंगळीच्या अक्षापासून किंचित कलते आणि बॅरलमध्ये शिरताना तिरकी शिरते. जाडीतला फरक एका पुंगळीपासून दुसऱ्या पुंगळीपर्यंत असेल तर प्रत्येक गोळीवरची पकड वेगळी होते आणि तिच्या वेगातही फरक पडतो. म्हणून बेंचरेस्ट प्रकारचे, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरणारे, नेमबाज मानेच्या जाडीतला फरक 0.0005 इंचाच्या, म्हणजे सुमारे 0.013 मिमीच्या, आत ठेवण्याचा प्रयत्न करतात.

हा फरक येतो कुठून, हे पुंगळी घडवण्याच्या रीतीवरून कळते. पुंगळीचे पितळ 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त यांचे असते. पितळी पत्र्याची चकती कापतात, तिचा पेला करतात आणि पंच व डायमधून तो टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होते, म्हणून मध्ये मध्ये तापवून ते मऊ करावे लागते. पंच आणि डाय यांचे अक्ष काटेकोर जुळले नाहीत तर नळीची एक बाजू जाड आणि समोरची बाजू पातळ निघते. पुढे खांदा आणि मान दाबून घडवताना तो फरक पुसला जात नाही. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली तर आणखी एक बदल होतो. प्रत्येक वेळी पितळ थोडे पुढे सरकते, मान लांब आणि जाड होत जाते आणि मान व खांदा यांच्या सांध्यावर आतून एक कडे उठते. मोठ्या तोंडाची पुंगळी आवळून लहान गोळीसाठी तयार केली, उदाहरणार्थ .308 ची .243 विंचेस्टर केली, तर तेच पितळ लहान परिघात कोंबले जाते आणि भिंत जाड होते.

मानेचे पितळ अखेरीस पुन्हा तापवून मऊ का करतात, याचा धडा भारताच्या पावसाळ्याने दिला. इंग्रजी लष्कराच्या काळात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळाला पावसाळ्यात आपोआप तडे जात. घडवताना पितळात राहिलेला ताण आणि जनावरांच्या मूत्रातून येणारा अमोनिया या दोहोंनी मिळून हे तडे पडतात, असा उलगडा 1921 साली झाला. मानेशी पितळ सर्वांत जास्त दाबलेले असते, म्हणून ताणही तिथेच जास्त असतो. तापवून तो काढला की तडे थांबतात. मापनाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मोजायची भिंत मऊ असते आणि जास्त दाबाने मोजली तर ती दबते.

महाराष्ट्रात हे काम कारखान्यांत चालते. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 सालची असून लहान शस्त्रांचा दारूगोळा हे तिचे सुरुवातीपासूनचे काम आहे. भुसावळजवळ वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी 1964 सालची असून ती रायफलीची काडतुसे बनवते. विदर्भात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला प्रोपेलंटचा कारखाना आहे आणि यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळ मोठा दारूगोळा भरण्याचा कारखाना आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित झाला आणि हे चारही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेले.

वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपच्या काही देशांत अनेक घरांत चालतो. भारतात तसे नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. मराठी नेमबाजांच्या यशाशीही या छंदाचा संबंध नाही. 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे हे दोघेही .22 रिमफायर काडतुसे वापरतात. रिमफायरमध्ये पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेले असते. चाप ओढला की ती कडच चेपते, त्यामुळे अशी पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्याच्या गावी हा विषय येतो तो मापनाचा धडा म्हणून. आयटीआयच्या फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडच्या मुलाला मायक्रोमीटर पहिल्या वर्षीच हातात मिळतो, पण सरावासाठी बहुधा भरीव गोल सळई किंवा सपाट तुकडा दिला जातो. पातळ नळीची भिंत मोजताना त्याच उपकरणाच्या सगळ्या मर्यादा उघड्या पडतात. पुंगळीची मान हे त्याचे सर्वांत कठीण उदाहरण आहे. फ्रीज आणि एसीच्या कामातली तांब्याची नळी, डिझेल इंजिनाचा इंजेक्शन पाइप, पंपातला पितळी बुश या सर्वांना तीच रीत लागू पडते आणि सरावही अशाच नळ्यांवर करावा.

मायक्रोमीटरचे तत्त्व स्क्रूचे आहे. फ्रान्समध्ये ज्यां लॉरां पामर याने 1848 साली हातात धरायच्या स्क्रू मायक्रोमीटरचे पेटंट घेतले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते उपकरण पाहून ब्राउन अँड शार्प या अमेरिकी कंपनीने ते सुधारून कारखान्यांपर्यंत पोहोचवले. मेट्रिक मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा आटा 0.5 मिमीचा असतो. थिंबल, म्हणजे फिरवायची मूठ, एक पूर्ण फेरा फिरली की स्पिंडल, म्हणजे वस्तूला टेकणारा दांडा, 0.5 मिमी सरकतो. थिंबलवर 50 रेघा असतात, म्हणून एका रेघेची किंमत 0.01 मिमी. स्लीव्हवर, म्हणजे थिंबलच्या आतल्या स्थिर नळीवर, व्हर्निअरच्या आडव्या रेघा असतील तर त्या एका भागाचे आणखी दहा भाग करतात आणि 0.001 मिमी, म्हणजे एक मायक्रॉन, वाचता येतो. इंची मायक्रोमीटरमध्ये इंचाला 40 आटे आणि थिंबलवर 25 रेघा असतात, त्यामुळे एक रेघ म्हणजे एक थाऊ.

व्हर्निअर कॅलिपरपेक्षा मायक्रोमीटर जास्त विश्वासाचा का, हे अर्न्स्ट ॲबे याने 1890 साली मांडलेल्या तत्त्वातून समजते. मोजपट्टीची रेषा आणि मोजायच्या अंतराची रेषा एकच असेल तर उपकरणाच्या किंचित झुकण्याने होणारी चूक नगण्य राहते. मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा अक्ष आणि वस्तू एकाच रेषेत येतात. कॅलिपरचे जबडे पट्टीपासून दूर असतात, म्हणून जबडा जरा झुकला तरी वाचन चुकते.

मानेची जाडी काढण्याची सोपी वाटणारी वाट म्हणजे बाहेरचा व्यास मोजणे, आतला व्यास मोजणे आणि फरकाचे अर्धे करणे. या वाटेत दोन दोष आहेत. 0.02 मिमी लघुत्तम माप असलेल्या कॅलिपरने दोन्ही व्यास घेतले आणि प्रत्येकात 0.02 ची चूक उलट दिशांना झाली, तर जाडीतही 0.02 मिमीची चूक येते. ज्या फरकाचा शोध घ्यायचा तोच 0.013 चा आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. समजा मान एका बाजूला 0.34 आणि समोरच्या बाजूला 0.38 मिमी जाड आहे. व्यासांच्या वजाबाकीतून 0.36 हेच उत्तर येईल आणि मान निर्दोष वाटेल. वजाबाकीतून सरासरी मिळते, असमानता लपते. जाडी प्रत्येक जागी स्वतंत्र मोजावी लागते.

ते नेहमीच्या मायक्रोमीटरने जमत नाही. त्याचा ॲनव्हिल, म्हणजे स्पिंडलसमोरचा स्थिर टेकू, साधारण साडेसहा मिमी व्यासाचा आणि सपाट असतो. तो मानेत शिरत नाही आणि शिरला तरी उपयोग नाही. समजा 3 मिमी रुंदीचा सपाट ॲनव्हिल 7.8 मिमी आतल्या व्यासाच्या मानेत घातला. आतली भिंत अंतर्वक्र असल्यामुळे ॲनव्हिलच्या फक्त दोन कडा तिला टेकतात आणि मध्यभागी पोकळी राहते. मानेची त्रिज्या 3.9 मिमी. कडेपर्यंतचे अर्धे अंतर 1.5 मिमी. 3.9 च्या वर्गातून 1.5 चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की 3.6 येते. म्हणजे मधली पोकळी 0.30 मिमीची. भिंत 0.36 मिमीची असताना वाचन 0.66 मिमी येईल. उपकरण निर्दोष असून आणि मायक्रॉनपर्यंत वाचूनही उत्तर जवळजवळ दुप्पट चुकते. पातळ नळीच्या मापनात उपकरण किती बारीक वाचते यापेक्षा ते भिंतीला कुठे आणि कसे टेकते, हे आधी पाहावे लागते.

म्हणून नळीसाठी वेगळ्या ॲनव्हिलचे मायक्रोमीटर बनवले जातात. त्यांना ट्यूब मायक्रोमीटर म्हणतात. एका प्रकारात ॲनव्हिलच्या टोकाला पोलादी गोळा असतो. गोळ्याची त्रिज्या मानेच्या आतल्या त्रिज्येपेक्षा कमी असली की तो भिंतीला एकाच बिंदूवर टेकतो. दुसऱ्या प्रकारात ॲनव्हिल म्हणजे स्पिंडलला काटकोनात उभी राहणारी बारीक पिन असते, ती मानेत सरळ शिरते आणि तिच्या लांबीभर रेषेत टेकते. पिनचा फायदा असा की ती खूप लहान छिद्रातही जाते. तोटा असा की मानेच्या आत कडे उठलेले असेल किंवा भिंत निमुळती असेल तर पिन सर्वांत उंच जागीच अडते आणि ती कोणती हे समजत नाही. गोळ्याचा बिंदू जिथे टेकतो तिथलीच जाडी मिळते. बाहेरून येणारा स्पिंडल सपाट असला तरी अडचण नाही, कारण मानेचा बाहेरचा पृष्ठभाग बहिर्वक्र आहे आणि सपाट पृष्ठ त्याला रेषेतच टेकते.

मापनाआधी तयारी करावी लागते. पुंगळीच्या तोंडाशी कापताना उठलेली कोर काढून घ्यावी, नाहीतर उपकरण तिचीच जाडी सांगेल. आतली काजळी आणि तेल पुसावे, काजळीचा पातळ थर मायक्रॉनांत मोजला जातो. मान दबलेली असेल तर ती आधी गोल करून घ्यावी. मग ॲनव्हिल व स्पिंडल यांच्यामध्ये स्वच्छ कागदाचा तुकडा हलकेच धरून ओढावा, म्हणजे चिकटलेली धूळ निघते. रॅचेटने स्पिंडल टेकवून शून्य पाहावे. शून्य जुळत नसेल तर स्लीव्ह किल्लीने फिरवून जुळवावे किंवा तेवढी दुरुस्ती प्रत्येक वाचनात करावी. गोळ्याच्या ॲनव्हिलवर एक खास तपासणी लागते. तो एकाच जागी टेकून टेकून झिजतो आणि तिथे चपटी जागा पडते. शून्य जुळले तरी ती चपटी जागा वक्र भिंतीवर चुकीचे वाचन देते. म्हणून ज्ञात जाडीची एखादी नळी जवळ ठेवून अधूनमधून तिच्यावर वाचन घ्यावे.

दाब ही पुढची बाब. मायक्रोमीटरचा रॅचेट साधारण 5 ते 10 न्यूटन दाबाला घसरू लागतो. गोळ्याचा स्पर्श बिंदूचा असल्यामुळे एवढ्या दाबानेही पितळ मायक्रॉन-दीड मायक्रॉन दबते. ही दब प्रत्येक वेळी सारखी राहिली तर तुलनेत चूक येत नाही, म्हणून दाब नेहमी रॅचेटनेच द्यावा. थिंबल बोटांनी आवळणाऱ्या दोन कामगारांची वाचने जुळत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पुंगळी कशी धरायची याचाही परिणाम होतो. स्पिंडलचे सपाट तोंड मानेच्या लांबीला समांतर टेकले पाहिजे. पुंगळी एक अंशाने कलली तर स्पिंडलच्या मध्यापासून 3 मिमी दूर असलेली त्याची कड आधी टेकते आणि मध्यापाशी सुमारे 0.05 मिमीची फट राहू शकते. म्हणून मायक्रोमीटर स्टँडमध्ये बसवावा, पुंगळी दोन बोटांत सैल धरावी आणि रॅचेट फिरवताना तिला स्वतःहून जुळू द्यावे. पुंगळी किंचित पुढे-मागे झुलवत मिळालेल्या वाचनांपैकी सर्वांत कमी वाचन खरे मानावे, कारण कलण्याने जाडी वाढलेलीच दिसते. तोंडापासून दोन-तीन मिमी आत मोजावे. तोंडाजवळ कोर काढल्यामुळे भिंत पातळ झालेली असते. फार खोल गेले तर स्पिंडल खांद्याला टेकतो.

एका जागेचे वाचन झाले की पुंगळी पाव फेरा फिरवून पुढचे घ्यावे आणि अशी किमान चार वाचने नोंदवावीत. भिंत एका बाजूला जाड असेल तर चार जागांत ते दिसतेच. नमुना म्हणून दोन पुंगळ्यांची वाचने पाहता येतील. पहिलीची 0.352, 0.358, 0.366 आणि 0.360 मिमी. सरासरी 0.359, कमाल आणि किमान यांतला फरक 0.014. दुसरीची 0.357, 0.359, 0.362 आणि 0.360. सरासरी जवळजवळ तीच, फरक मात्र 0.005. सरासरीवरून दोन्ही सारख्या वाटतात. वापरायला दुसरी चांगली आहे आणि पहिली 0.013 च्या मर्यादेबाहेर जाते. म्हणून नोंदवहीत सरासरी आणि फरक हे दोन वेगळे रकाने असावेत.

विदर्भात उन्हाचा प्रश्न येतोच. मापनासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात आणि यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरचे तापमान 45 अंशांपर्यंत जाते. पितळ प्रत्येक अंशाला दशलक्षात सुमारे 19 भागांनी वाढते. 0.36 मिमीची भिंत 25 अंशांनी तापली तर ती मायक्रॉनच्या पाचव्या भागाहूनही कमी वाढते. तेवढे सोडून देता येते. खरी अडचण मायक्रोमीटरच्या चौकटीची आहे. तळहातात धरून ती पाच अंश तापली, तर 60 मिमी पोलादाची लांबी सुमारे साडेतीन मायक्रॉनांनी वाढते. ही सगळी वाढ वाचनात उतरत नाही, पण शून्य हलवायला पुरेशी असते. उपाय सोपे आहेत. उपकरण स्टँडमध्ये ठेवावे, पुंगळ्या आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत तासभर ठेवून मगच काम सुरू करावे आणि दर दहा-पंधरा पुंगळ्यांनंतर शून्य पुन्हा पाहावे.

उपकरण पुरेसे बारीक आहे का, हे ठरवायला कारखान्यांत दहाचा नियम वापरतात. ज्या फरकाची मर्यादा ठरवायची त्याच्या दहाव्या भागापर्यंत उपकरणाला वाचता आले पाहिजे. 0.013 मिमीच्या मर्यादेला 0.01 वाचणारा मायक्रोमीटर अपुरा पडतो, सगळी मर्यादा त्याच्या जेमतेम एका रेघेत मावते. इथे मायक्रॉन वाचणारा व्हर्निअर किंवा डिजिटल ट्यूब मायक्रोमीटरच लागतो. लघुत्तम माप बारीक असले म्हणजे मापन बारीक झाले असे मात्र नाही. एकाच पुंगळीची एकच खूण केलेली जागा दहा वेळा मोजावी. वाचने चार मायक्रॉनांत पसरली, तर त्या हाताची आणि त्या उपकरणाची खरी क्षमता तेवढी आहे आणि त्याखालचे आकडे विचारात घेऊ नयेत. दुसऱ्या माणसाने तीच दहा वाचने घेतली की दोघांच्या सरासरीतला फरकही कळतो.

उपकरण स्वतः बरोबर आहे का, हे त्याच्या कॅलिब्रेशनवरून ठरते. स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे ठोकळे, घेऊन स्क्रू ठरावीक ठिकाणी तपासतात आणि ती स्लिप गेज अधिक अचूक मापांशी पडताळलेली असतात. ही साखळी भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. महाराष्ट्रात मुंबईच्या चुनाभट्टी भागातली आयडेमी ही सरकारी संस्था आणि एनएबीएलची मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळा कॅलिब्रेशनचे काम करतात. मानेच्या मापनात स्क्रूचा पहिला अर्धा मिलिमीटरच सतत वापरला जातो आणि तिथली झीज इतर भागापेक्षा जास्त असते. म्हणून तपासणी मोठ्या मापांवरच न थांबवता 0.5 मिमीच्या स्लिप गेजवरही करून घ्यावी.

मिळालेल्या आकड्यांवरून चार निर्णय घेता येतात. मर्यादेत असलेल्या पुंगळ्या ठेवणे, जाडीप्रमाणे त्यांचे गट पाडणे, ज्यांत एका बाजूला जास्त पितळ आहे त्यांची मान बाहेरून कापून सारखी करणे आणि ज्या पुरेशा जाड नाहीत त्या बाद करणे. बाहेरून कापल्याने जाडी सारखी होते, पण पुंगळीचे अंग मुळात एका बाजूला जाड असेल तर ते तसेच राहते. अशा पुंगळीची मान सुधारली तरी ती पुढच्या वापरात पुन्हा वाकडी होऊ शकते.

जाडी सांगते तेवढेच मायक्रोमीटर सांगतो. पितळ किती कडक झाले आहे, मान गोळीला किती जोराने धरेल, आत तडे सुरू झाले आहेत का, याची उत्तरे त्याच्याकडे नाहीत. कडकपणासाठी वेगळी चाचणी लागते, तड्यांसाठी भिंगातून पाहावे लागते आणि मान पुंगळीच्या अक्षाशी सरळ आहे का हे डायल इंडिकेटरखाली पुंगळी फिरवून तपासावे लागते. कारखान्यातल्या तपासणीत या सर्व परीक्षा एकामागून एक होतात आणि जाडी ही त्यांतली एक असते.